टाकून दिलेला अर्धा तास

कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. राष्ट्रीय चयापचय मंडळाचा सगळा कारभार या एका म्हणीवर उभा होता, फक्त पळसाच्या जागी उंदीर होता. देशातल्या अकरा केंद्रांत एकाच वंशाचे, एकाच वयाचे, एकाच गिरणीतला खाऊ खाणारे पांढरे उंदीर पाळलेले होते. त्यांना साखर पाजली की ती सगळीकडे सारखीच चढावी आणि सारखीच उतरावी, एवढीच मंडळाची माफक अपेक्षा होती. दहा केंद्रांनी ती पुरी केली. अकरावं केंद्र मिरजेचं. तिथल्या उंदरांची साखर चढायची कमी आणि उतरायची ब्रेक निकामी झालेल्या एसटीसारखी.

ही उपमा कुमुदताई शेट्यांच्या यजमानांची. कुमुदताई म्हणजे मिरज केंद्राच्या उंदीरखान्याच्या प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी उंदीर सांभाळले होते आणि त्याहून जास्त वर्षं भालचंद्र शेट्यांना, म्हणजे अण्णांना. अण्णा तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त होते, आणि त्यांना स्वतःलाच मधुमेह होता. घरात उंदरांच्या साखरेची जेवढी चर्चा व्हायची तेवढी आपल्या साखरेची होत नाही याचा त्यांना आनंदच होता.

साखरेची चाचणी तशी साधी. उंदराला सहा तास उपाशी ठेवायचं, वजन करायचं, वजनाच्या बेताने ग्लुकोज पाजायचं आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर किती चढते, किती वेळात उतरते ते बघायचं. झटपट उतरली तर शरीर ठणठणीत. वरच रेंगाळली तर मधुमेहाची वाट. मधुमेहावरचं प्रत्येक नवं औषध या चाचणीतून जातं. पण उंदीर हा प्राणी मोठा हळवा. शेपटीला धरून उचललं, चढली साखर. खोली दोन अंशांनी गार पडली, चढली. पुरुषाच्या घामाचा वास आला तरी तो घाबरतो, आणि घाबरला की पळायला इंधन हवं म्हणून त्याचं यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून देतं. त्यामुळे एकच औषध एका गावात गुणकारी ठरायचं, दुसऱ्या गावात निकामी, आणि खरं काय ते उंदरालाच ठाऊक.

यावर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी मंडळाने 'समभाव' नावाचं यंत्र आणलं. वीस खणांचं एक मोठं कपाट. उंदराच्या कातडीखाली तांदळाच्या कणीएवढा संवेदक, तो दर मिनिटाला साखर सांगणार. खणाची फरशी वजन करणार, नळी ग्लुकोज पाजणार. माणसाचा हात म्हणून लागायचा नाही. फक्त पिंजऱ्यातून उंदीर उचलून खणात ठेवणं यंत्राला जमेना. त्याचा पोलादी पंजा दिसला की उंदीर असे बिथरायचे की दिवसभराचे आकडे वाया. म्हणून तेवढ्या कामाला प्रत्येक केंद्रात एक माणूस नेमला आणि त्याला 'प्रमाणित हाताळक' असं भारदस्त नाव दिलं. उंदीर खणात गेला की यंत्र अर्धा तास थांबायचं. जागा बदलल्याने उंदीर बावरलेला असतो, त्या अर्ध्या तासातले आकडे भीतीचे, म्हणून ते बाजूला टाकून मगच ग्लुकोज पाजायचं, असा नियम होता. त्या टाकून दिलेल्या अर्ध्या तासाकडे बघण्याचं कुणालाच कारण नव्हतं.

मिरजेत हाताळक अर्थातच कुमुदताई.

आता उंदीर सारखे, यंत्र सारखं, खाऊ सारखा, मग मिरजेचंच का जुळत नाही? मंडळाने विचार केला आणि बोट ठेवलं ते कुमुदताईंवर. उंदीर प्रमाणित करायचा तर आधी माणूस प्रमाणित केला पाहिजे. तेव्हापासून दर चार महिन्यांनी नियमावलीची नवी आवृत्ती येऊ लागली आणि ती उंदीरखान्याच्या दारातून निघून शेट्यांच्या घरात शिरू लागली.

नवव्या आवृत्तीने कुमुदताईंच्या केसांचं खोबरेल तेल आणि अबोलीचा गजरा काढून घेतला. दहावीने मंडळाचा साबण धाडला. त्याला कसलाच वास नव्हता, आणि तो लावल्यावर माणसालाही उरायचा नाही. "तू घरात आलीस तरी कुणी आलंय आसं वाटंनाच की," अण्णा म्हणाले. पण अकरावी आवृत्ती आली आणि त्यांची थट्टा बंद झाली. तीत लिहिलं होतं की पुरुषी वास उंदरांना त्रासदायक असल्याने महिला हाताळकांनी चाचणीच्या आदल्या दिवसापासून घरातल्या पुरुषांपासून सहा फूट लांब राहावं, आणि उंदीरखान्यात कोणत्याही पुरुषाने पाऊल ठेवू नये.

"तेहतीस वर्षं एसटीत माणसं माझ्या अंगाला अंग घासून हुबी राह्यली," अण्णा बाहेरच्या खोलीत आपली वळकटी पसरत म्हणाले. "कुणाची साखर वाढली न्हाई. आता उंदरांस्नी माझा वास सोसंना!"

"अहो, नियम आहे."

"नियम! उंदरांच्या घरी पोरगी दिली आसती तरी मी येवढं ऐकलं नसतं."

बारावी आवृत्ती मात्र अण्णांनी डोक्यावर घेतली. हाताळक चिडलेला असेल तर त्याच्या घामातूनही उंदरांना कळतं, असं कुणीतरी शोधून काढलं होतं. म्हणून हाताळकाच्या हातात एक मनगटी आली. मन शांत असेल तर हिरवी, बिनसलं की पिवळी, आणि लाल झाली की उंदीरखान्याचं दार उघडायचंच नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी घरात भांडण होऊ नये असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं. अण्णांनी तो नियम दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि दुसऱ्याच चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पाव किलो जिलबी घेऊन आले.

"अहो! तुमची साखर..."

"आज भांडायचं न्हाई हं," अण्णा सहा फुटांवरून म्हणाले. "उद्या चाचणी हाय."

कुमुदताईंनी मनगटीकडे पाहिलं. हिरव्याची पिवळी होत होती. त्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला, आणि एकतीस वर्षांच्या संसारात कधी न उच्चारलेला शब्द उच्चारला. "खा."

असं दर महिन्याला दोनदा होऊ लागलं. उंदरांची साखर मोजायच्या नादात घरातली साखर चढत चालली होती आणि कुमुदताईंना नियमाने ब्र काढता येत नव्हता.

एवढं करूनही मिरजेचे आकडे जुळेनात. एका माणसाला मात्र त्याचं दुःख नव्हतं. केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. नीरजा कारखानीस, वय चौतीस. "न जुळणं ही चूक नसते कुमुदताई, शोध असतो," असं त्या म्हणायच्या. कृष्णेच्या पाण्यात काही खास जिवाणू आहेत, ते उंदरांच्या आतड्यात जाऊन राहतात आणि साखर पचवायला मदत करतात, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी त्या तीन वर्षं दर आठवड्याला स्वतः घाटावर जाऊन पाण्याचे कॅन भरून आणत. कुठल्या जिवाणूने हे केलं ते अजून सापडलं नव्हतं, पण 'मिरज परिणाम' हे नाव छापून आलं होतं, आणि पुढच्या महिन्यात लिस्बनच्या परिषदेत त्यांना त्यावर बोलायचं होतं. कुमुदताईंना या पोरीचा फार लळा होता. डबा विसरली तर आपल्यातली भाकरी तिला देत, आणि तिचं लिस्बनचं भाषण समजत नसूनही दोनदा ऐकून घेतलं होतं.

तेवढ्यात मंडळाचं पत्र आलं. बारावी आवृत्ती आल्यानंतरच्या सहाही चाचण्यांत मिरज केंद्र पाच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेलं आहे. निरीक्षक येतील आणि आठवड्यात दोन चाचण्या स्वतः पाहतील. दोन्ही चुकल्या आणि कारण सापडलं नाही, तर केंद्राची मान्यता रद्द आणि तिथले तीनशे चाळीस उंदीर नष्ट करण्यात येतील. 'नष्ट' हा शब्द कुमुदताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

निरीक्षक डॉ. हृषीकेश वर्टीकर सोमवारी आले. नियमावलीच्या बाराही आवृत्त्यांवर त्यांची सही होती. मूळचे मराठीच, पण दिल्लीत राहून त्यांचं मराठी परीटघडीचं झालं होतं. त्यांनी दोनशे बारा प्रश्नांचा तक्ता काढला.

"केसांना तेल?"

"नवव्या आवृत्तीपासून नाही."

"चाचणीच्या सकाळी पूजा?"

"करते. उदबत्ती न लावता."

"उंदरांना नावं ठेवली आहेत का?"

"क्रमांक आहेत की त्यांना."

"उपवासाच्या काळात त्यांना काही खाद्य देता?"

कुमुदताईंना हे लागलं. "साहेब, मागे एका विद्यार्थ्याच्या बाहीला बिस्किटाचा चुरा होता, तर मी त्याला दारातून परत पाठवलंय. मी असताना उंदराच्या तोंडात कण जायचा नाही."

वर्टीकरांनी 'नाही'वर खूण केली. देवासमोर उभं केलं असतं तरी कुमुदताईंनी हेच उत्तर दिलं असतं.

मंगळवारी पहिली चाचणी झाली. वर्टीकरांना सगळं जवळून बघायचं होतं, पण अकराव्या आवृत्तीप्रमाणे त्यांना उंदीरखान्यात जाता येईना. आपल्याच सहीने दाराबाहेर बसून ते पडद्यावर बघत राहिले, आणि पडद्यावर फक्त खणांचा आतला भाग दिसायचा. एका वेळी एकच हाताळक या नियमाने नीरजाबाईही बाहेर. कुमुदताईंनी मनगटी हिरवी असल्याची खात्री केली, हातमोजे चढवले, एप्रनच्या खिशातला जुना करंडा चाचपला आणि त्या आत गेल्या.

"कृपया उंदीर क्रमांक दोनशे चौदा प्रविष्ट करा," समभाव म्हणालं.

संध्याकाळी आकडे आले. साखर घाटातून सुसाट खाली. वर्टीकरांनी कपाळ चोळलं. नीरजाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी, सर. कृष्णेचं पाणी."

बुधवार सक्तीच्या विश्रांतीचा. कुमुदताईंनी या फुरसतीचा फायदा घेऊन सकाळीच अण्णांना रक्त तपासायला पिटाळलं. अकराच्या सुमाराला तपासणीवाल्या मुलीचा फोन आला. अण्णांनी तो नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर टाकला. कुमुदताई आत कणीक मळत होत्या.

"अण्णा, उपाशीपोटीची साखर दोनशे अठरा आली आहे. खरंच उपाशी होतात ना?"

"कडकडीत."

"चहा?"

"न्हाई."

"वाटेत जिलबी खाल्ली असेल त्यांनी," कुमुदताई आतून ओरडल्या.

"शप्पत न्हाई! घरातनं निघताना हिनं हातावर दही-साखर ठेवली, तेवढीच काय ती."

"अण्णा, दही-साखर म्हणजे साखरच की हो!"

"अगं पोरी, ते काय खाणं हाय व्हय? त्यो शकुन. एसटीत माझ्या दर चौकशीला द्यायची ती. परीक्षेला जाताना तुझ्या आईनं कधी दिली न्हाई का?"

"दिली, पण रक्त तपासायला नाही! पुढच्या खेपेला शकुन घरी ठेवून या."

आतल्या खोलीतला कणीक मळण्याचा आवाज थांबला. अण्णा बघायला गेले तर कुमुदताई परातीत दोन्ही हात तसेच ठेवून भिंतीकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझा एप्रन कुठंय?"

एप्रनच्या खिशातून त्यांनी करंडा काढला. जुना, हळदीकुंकवाचा, झाकणाला पोचा आलेला. तळाला वाळलेल्या दह्याची पांढरी कड होती.

तीन वर्षांपूर्वी समभाव पहिल्यांदा सुरू झालं, "चाचणी सुरू होत आहे" असं म्हणालं, आणि पहिला उंदीर त्यांच्या ओंजळीत थरथरत खणाच्या दाराकडे बघत होता. पाठीवर क्रमांक, समोर परकी खोली, घड्याळ चालू. परीक्षेला निघालेलं पोरच जणू. त्या दिवशी अण्णांची एसटीत चौकशी होती म्हणून घरातून निघताना दही-साखर कालवली होती, ती डब्यात उरली होती. बोटाच्या टोकावर थेंबभर घेऊन त्यांनी उंदराच्या तोंडाशी धरली. त्याने चाटली आणि शांतपणे आत गेला. मग दुसऱ्याला नाही कशी द्यायची? पुढे त्यासाठी करंडा आला. दर चाचणीला वीस उंदीर, वीस थेंब. खाणं म्हणून ते एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा दिल्लीपासून लिस्बनपर्यंत वळसा पडला होता आणि कळसा त्यांच्या खिशात होता.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले. सहा फुटांची आठवण दोघांनाही राहिली नाही.

"मग उद्या देऊ नकोस. आकडे जुळतील, उंदीर वाचतील. कुणाला कळणारबी न्हाई."

"आणि नीरजामॅडम? तीन वर्षं दिसणारा परिणाम निरीक्षकांसमोर एका दिवसात गायब झाला, तर लोक तिला काय म्हणतील? आकडे मनचे लिहिले म्हणतील. पोरगी आयुष्यातून उठेल हो."

"मग दे. चालू ठेव."

"मग उंदीर जातील."

"आणि सांगितलंस तर तू जाशील."

कुमुदताईंनी करंड्याचं झाकण लावलं. अण्णांनी तो उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "कवठ्याच्या थांब्यावर येकदा म्हातारीला खाली ठेवून मी डबल घंटी मारलेली. दिसलीच न्हाई बघ. कुणी तक्रार केली न्हाई. पण पुढं आठ दिवस घंटीच्या दोरीला हात लावला की हात कापायचा. शेवटी डेपोत जाऊन मीच सांगितलं. शिक्षा झाली, पण हात कापायचा थांबला."

गुरुवारी बारा वाजता कुमुदताई उंदीरखान्याच्या दाराशी आल्या. आत वीस उंदीर सकाळपासून उपाशी होते. मनगटी लालभडक झाली होती.

"हाताळकाची मनःस्थिती अप्रमाणित आहे. प्रवेश नाही," समभाव म्हणालं.

वर्टीकर धावत आले. "शेटेबाई, घरी काही वाद? प्रश्न क्रमांक एकशे चाळीस..."

"वाद नाही. मला सांगायचंय काहीतरी," असं म्हणून कुमुदताईंनी खिशातून करंडा काढला आणि टेबलावर ठेवला. "परवा तुम्ही विचारलंत, काही खायला देता का. मी नाही म्हणाले. मी देते साहेब. दही-साखर देते, थेंबभर. परीक्षेला निघतात म्हणून. खोटं बोलले नव्हते, पण खरंही नव्हतं ते."

मनगटी तिथल्या तिथे हिरवी झाली, पण ती बघायला कुणाला सवड नव्हती. वर्टीकर आपल्या तक्त्यात दोनशे बारा प्रश्नांवरून बोट फिरवत होते. खाद्य होतं, पाणी होतं, औषध, धूर, संगीतही होतं. शकुनाला रकाना नव्हता. "माझी आई," ते पुटपुटले, "अजूनही माझ्या प्रत्येक बैठकीआधी व्हिडिओवर वाटी दाखवते." आणि मग घाईने गंभीर झाले.

नीरजाबाई पांढऱ्या पडल्या होत्या. "तीन वर्षं मी घाटावरून पाण्याचे कॅन वाहिले, कुमुदताई!" त्यांचा आवाज फुटला. "एकदा तरी सांगायचंत!"

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का, बाळ?"

"बाळ म्हणू नका मला," नीरजाबाई म्हणाल्या आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. कुमुदताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नोकरी जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. हे मात्र धरलं नव्हतं.

दहाच मिनिटांत दार धाडकन उघडलं. नीरजाबाईंच्या हातात उघडा लॅपटॉप होता. "सर, इकडे बघा. यंत्र ते अर्ध्या तासाचे आकडे हिशेबात धरत नाही, पण पुसतही नाही. सगळे पडून होते." पडद्यावर तीन वर्षांच्या आलेखांची रांग होती, आणि प्रत्येकात त्या टाकून दिलेल्या अर्ध्या तासात एक लहानशी टेकडी होती. शिस्तीत चढणारी आणि शिस्तीत उतरणारी. "ही भीती नव्हे. भीतीची रेघ वेडीवाकडी असते. ही दही-साखर आहे. साप म्हणून भुई धोपटत होते मी, आणि तेही पाण्यात!"

मग ती गोष्ट त्यांनी कुमुदताईंना समजावली, कारण रागातही शिकवायची त्यांची खोड सुटत नसे. थोडी साखर पोटात गेली की शरीर जागं होतं. आतडी संदेश धाडतात, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, स्नायू दारं उघडतात. अर्ध्या तासाने खरी साखर येते तेव्हा सगळी तयारी झालेली असते, म्हणून ती झटकन जिरते. जेवणावळीत आधी चटणी-कोशिंबीर वाढून ठेवली की पुढची पंगत जोरात चालते, तसं. जुन्या डॉक्टरांना हे माहीत होतं, पण इतक्या थेंबभराने इतका फरक पडतो हे कुणी मोजलं नव्हतं, कारण मोजायचा अर्धा तासच सगळे टाकून देत होते.

"मग मोजूया," वर्टीकर म्हणाले. "दहा उंदरांना द्या, दहांना देऊ नका."

कुमुदताई आत गेल्या. एरवीच्याच हाताने त्यांनी वीस उंदीर उचलले, ओठांतल्या ओठांत पुटपुटत खणात ठेवले. न दिलेल्या दहा जणांकडे बघताना त्यांना चोरासारखं वाटत होतं. संध्याकाळी आकडे आले. दही-साखरवाले दहा सुसाट. बाकीचे दहा इतर केंद्रांशी जुळले. दोन टक्क्यांनी सरस होते खरे, पण पाचाच्या मर्यादेत दोन कुणी विचारत नाही.

मान्यता टिकली, तीनशे चाळीस उंदीर टिकले. मंडळाने कुमुदताईंना एक कडक ताकीद पाठवली आणि त्याच पाकिटात तेरावी आवृत्ती. तीत 'पूर्वमात्रा' असा नवा विभाग होता: गाईच्या दुधाचं दही आणि साखर, अठरा मायक्रोलीटर, खणात ठेवण्यापूर्वी, हातमोज्यातल्या उजव्या तर्जनीने. या नव्या चाचणीचं प्रशिक्षण बाकीच्या दहाही केंद्रांना शेटेबाईंनी द्यावं असं शेवटी लिहिलं होतं. अठरा हा आकडा काढायला वर्टीकरांनी कुमुदताईंचं बोट पंचवीस वेळा सूक्ष्म तराजूवर टेकवून घेतलं होतं. "बोटाला लागेल एवढं, असं लिहा की," त्या सांगत राहिल्या.

नीरजाबाई लिस्बनला गेल्या त्या नवा निबंध घेऊन, टाकून दिलेल्या अर्ध्या तासावरचा. निघताना त्या उंदीरखान्याच्या दाराशी घुटमळल्या आणि काही न बोलता तळहात पुढे केला. कुमुदताईंनी करंडा उघडला. तेव्हा कुठे त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

पुढे दोन महिन्यांनी वर्टीकरांचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"शेटेबाई, दहाही केंद्रं अठरा मायक्रोलीटर देत आहेत. तोच कोन, तीच तर्जनी. तरी मिरज दोन टक्के पुढेच. दही-साखर न दिलेल्या त्या दहा उंदरांतही हेच दोन टक्के होते, मी पुन्हा तपासलं. तुम्ही आणखी काही करता का?"

"काही नाही साहेब."

"काही बोलता वगैरे?"

"उंदराशी काय बोलायचं!" कुमुदताई हसून म्हणाल्या आणि फोन कुठेसा ठेवून दिला. अण्णांना उशीर होत होता. आज त्यांची पुन्हा रक्ततपासणी होती. जिलबी दोन महिने बंद होती, कारण कुमुदताईंनी भांडणासाठी चाचणीचे दिवस सोडून बाकीचे सगळे दिवस राखून ठेवले होते.

अण्णा दारात चपला घालून उभे होते. सवयीने त्यांनी उजवा तळहात पुढे केला, आणि मग आठवून मागे घेऊ लागले. दोनशे अठरानंतर प्रथमच जात होते, आणि तेहतीस वर्षं गर्दीतून वाट काढणारा माणूस एका सुईला भ्यालेला स्पष्ट दिसत होता. कुमुदताईंनी तो हात धरला. द्यायला काही नव्हतं, म्हणून आपलाच तळहात त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरायचं नाही. नीट जा. मी आहे बाहेर."

अण्णा उंबऱ्यावर थांबले. वळून त्यांनी बायकोकडे निरखून पाहिलं.

"कुमुद," ते म्हणाले, "हे तू त्या उंदरांस्नीबी म्हणतीस व्हय?"

कुमुदताई घाईघाईने घरात वळल्या.

"अहो, माझा फोन कुठे ठेवला मी?"